आयर्विनला किती झालं?

सांगलीत पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की पाहुण्यांचा फोन आला तरी पहिला प्रश्न हाच, आयर्विनला किती झालं? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा हा पूल, 1929 चा, आणि ह्याच्याजवळची पातळी म्हणजे सांगलीकराला लगेच कळणारी भाषा.

टीव्हीवर मात्र आकडा वेगळाच चालू असतो, कोयनेतून एवढे हजार क्युसेक विसर्ग. आकडा चुकीचा नसतो, पाटबंधारेवाल्यांना तो लागतोच, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर हे कळून कर्नाळ रोडच्या माणसानं करायचं काय? त्याला हवंय की पाणी आपल्या गल्लीत येणार का आणि कधी. त्यात कोयनेचं पाणी इथं पोचायला वेळ लागतो, मधल्या भागातला पाऊस वेगळा, आणि खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगली की आपलं पाणी तुंबतं.

फूट मात्र सगळ्यांना कळतं. 40 ला इशारा, 45 ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाले तर त्याच्याही आधी आवरायला घेतात, पाणी पहिलं आपल्याकडं येतं हे तिथल्या पोरांनाही पाठ आहे.

पण पाठ असलेलं पण दगा देतं. 2019 ला कित्येकांनी 2005 च्या खुणा बघून सामान वर ठेवलं, म्हणाले ह्याच्यावर काय येत नाही. 2005 ला पातळी 53 फुटांच्या आसपास होती, 2019 ला 57 च्या वर गेली, आणि माळ्यावर ठेवलेलं धान्य, पोरांची सर्टिफिकेटं सगळं भिजलं. खूण खरीच होती हो, पण ती मागच्या पुराची होती.

आणि मग मोबाईलवर मेसेज येतो, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क म्हणजे काय करायचं? ज्याच्या दारात चार म्हशी आहेत त्याला उजेड असतानाच निघावं लागतं, फ्लॅटवाल्याला रात्री कळलं तरी चालतं. म्हणून आमचं सरळ म्हणणं आहे, आत्ता किती फूट, तासाला किती इंच चढतंय, कुठल्या गल्लीनं कधी निघायचं, जनावरं कुठं न्यायची आणि कुठली शाळा उघडी आहे एवढं सांगा, वर तारीख आणि वेळ टाका कारण जुने व्हिडिओ दर वर्षी नव्यानं फिरतात. पाणी उतरायला लागलं की तेही तितक्याच तत्परतेनं कळवा, छावणीतल्या माणसाचा सगळा जीव घराकडं लागलेला असतो.