भरताचा धूर, दीपनगरचा धूर

(दृश्य : यावल तालुका. डिसेंबरची संध्याकाळ, शेतात पेटलेला जाळ.)

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, चांगलीच पेटलीय. बामणोदची वांगी जाळात पडलीत, साल तडतडतंय. भरीत गॅसवरही होतं म्हणणाऱ्याशी इथं कुणी वाद घालत नाही. नुसतं हसतात.

वारा फिरला की धूर थेट डोळ्यांत. त्यात कार्बन डायऑक्साइड आहेच. पण पऱ्हाटीतला कार्बन कपाशीनं पेरणीपासून हवेतूनच तर घेतला होता. उसना घेतला, परत केला. पुढच्या हंगामातली कपाशी तो पुन्हा उचलेल. खोकला येतो हे खरं, पण हवेच्या खात्यावर या जाळाची बाकी फारशी चढत नाही.

(दृश्य : तापीचा पूल. दूरवर वीजकेंद्राच्या चिमण्या. कोळशाच्या वाघिणी.)

तापी ओलांडली की भुसावळजवळ दीपनगरचं वीजकेंद्र. इथं जळणारा कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची गाडली गेलेली झाडं. तो कार्बन आजच्या हवेच्या हिशेबात नव्हताच. आपण तो उकरून काढला. आता तो परत घ्यायला कुठली कपाशी येणार?

कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दीपनगरचा ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं तासभर चालला, की पाच लाख युनिटं. म्हणजे तासाला पाचशे टनांच्या आसपास. असे इथं दोन संच आहेत, शिवाय ६६० मेगावॉटचा नवा.

भुसावळला कोळसा नवा नाही म्हणा. वाफेच्या इंजिनांच्या काळात अख्ख्या जंक्शनवर काजळी असायची. मग डिझेल आलं, वीज आली, स्टेशन स्वच्छ झालं. कोळसा इंजिनातून उतरला आणि वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये जाऊन बसला.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, आलेख.)

१९५० साली जगभरात कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे ६०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघत होता. १९९० मध्ये २,२०० कोटींच्या वर. आता ३,७०० कोटींच्या आसपास. यात कोळशाचा वाटा सर्वांत मोठा, चाळीस टक्क्यांच्या घरात; मग तेल, मग वायू. सिमेंटचं गणित जरा वेगळं. भट्टीचं इंधन सोडाच, चुनखडी तापली की ती स्वतःच हा वायू सोडते. जंगलतोडीचे काहीशे कोटी टन यात धरलेलेच नाहीत.

२०२० मध्ये, टाळेबंदीत, आकडा पाचेक टक्क्यांनी घसरला. लगेच पुन्हा वर गेला.

निघालेल्यातला निम्मा-अर्धा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. उरलेला साचतो. यंत्रयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत याचे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५. आज ४२० च्या वर.

आज सर्वांत जास्त सोडतो चीन, जगाच्या जवळपास एक तृतीयांश. आजवरच्या बेरजेत मात्र अमेरिका पुढे. भारत एकूणात तिसरा, पण माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास. अमेरिकी माणसाचे चौदा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ही वाटणी कुणी विचारत नाही.

(दृश्य : रात्र. केळीची बाग, विहिरीवरची पेटी.)

रात्रीचे साडेबारा. थ्री फेज आली. स्वेटर घातलेला शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीसेक युनिटं. वीज सगळी कोळशाची धरली, तर तीसेक किलो कार्बन डायऑक्साइड. याच बागेतली केळी उद्या ट्रकमध्ये भरून दिल्लीकडे निघतील. डिझेलच्या दर लिटरमागे अडीच किलोंहून जास्त.

शेजारच्या शेतात सौरपंप बसलाय. तो शेतकरी आत्ता घरी झोपलाय, दिवसा पाणी देतो.

मोटरीला पाणी लागलं. पहिल्या सरीत ओल उतरायला लागली. चिमण्यांवरचे लाल दिवे बांधावरून दिसतात.