काळा सूट आणि टेपरेकॉर्डर

नमस्कार श्रोतेहो.

आज जरा दांडगं संगीत ऐकायचंय. घरात बाळ झोपलं असेल तर आवाज बारीक ठेवा, पण रेडिओ बंद करू नका.

युरोपातला फ्री जॅझ. साठचं दशक संपत आलं तेव्हा जर्मनी, हॉलंड, इंग्लंडमधल्या तरुण वादकांना वाटू लागलं की अमेरिकन जॅझ गिरवणं आता पुरे. ठेका धरायलाच हवा असं नाही, एकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी साथ करायची असंही नाही. एकमेकांचं ऐकत जे सुचेल ते तिथल्या तिथे. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा, मी ती परत सांगणार आहे: त्या रात्री जे वाजलं, ते पुन्हा वाजत नाही. उरली तर टेप उरते.

ती टेप कशी उरली, ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं.

1968 साल, पश्चिम बर्लिन. तिथे ‘बर्लिनर जॅझटागे’ हा मोठा, मानाचा जॅझ महोत्सव भरायचा. त्या वर्षी पीटर ब्रॉट्झमान या वुपरटालच्या सॅक्सोफोनवादकाला बोलावणं होतं. वय 27, शिक्षण चित्रकलेचं. सॅक्सोफोन असा फुंकायचा की अमेरिकन वादक डॉन चेरीने त्याचं नावच ‘मशीन गन’ पाडलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ब्रेमेनच्या ‘लिला आयले’, म्हणजे जांभळं घुबड, या क्लबात आठ जणांची एक तबकडी केली होती. नाव ‘मशीन गन’च. कुठल्या कंपनीची वाट न बघता स्वतःच काढली, फक्त 300 प्रती.

तर बोलावणं आलं, आणि त्याबरोबर अट आली: रंगमंचावर काळा सूट. ब्रॉट्झमानने सांगितलं, माझी माणसं काळ्या सुटात येतील याची हमी मी देऊ शकत नाही. झालं, बोलावणं रद्द!

दुसरा एखादा घरी बसून चरफडला असता. ब्रॉट्झमान आणि त्याच्या मित्रांनी ‘क्वाझिमोडो’ नावाच्या क्लबात जागा धरली आणि जॅझटागे चालू असतानाच, त्याच शहरात, आपला महोत्सव मांडला. नाव ठेवलं ‘टोटल म्युझिक मीटिंग’. तिथे कुणाच्या कोटाची चौकशी नव्हती. आणि गंमत पाहा, जॉन कोल्ट्रेन या थोर अमेरिकन सॅक्सोफोनवादकाच्या शेजारी उभा राहून वाजवलेला फॅरोआ सँडर्स, तोही या छोट्या क्लबात येऊन वाजवून गेला.

या मंडळींत योस्ट गेबर्स होता. मूळचा बासवादक, पोटापाण्याची नोकरी समाजसेवेतली. पुढच्या वर्षी, 1969 मध्ये, बर्लिनमध्ये ‘फ्री म्युझिक प्रोडक्शन’ उभं राहिलं, म्हणजे या संगीताच्या मैफली भरवणारी आणि तबकड्या काढणारी संस्था. पुढे अनेक वर्षं हा माणूस नोकरी सांभाळून मैफली भरवत राहिला, माइक लावत राहिला, टेप फिरवत राहिला. आज आपण जे ऐकतो त्यातलं कितीतरी त्याच्यामुळे आहे. काळ्या सुटाची अट नसती, तर? मला हा विचार नेहमी हलवून जातो.

सुटावरून आठवलं म्हणून सांगते. आपल्याकडे कपड्यांची अट नसते, पण पहिला सा लागायच्या आधी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत यात पाऊण तास जातो. गायकाचा जुळवून ठेवलेला तानपुरा तोवर उतरतो. हे थांबायला हवं, आयोजकांनी मनावर घ्यावं.

असो. ‘मशीन गन’ ब्रेमेनच्या दोनच महिने आधी, मार्च 1968 मध्ये, फ्रँकफर्टच्या महोत्सवात लोकांसमोर वाजलं होतं. तेव्हा नऊ जण होते, एक सॅक्सोफोन जास्त. ते ध्वनिमुद्रण तीस वर्षांहून जास्त काळ पडून राहिलं. आता दोन्ही मिळतात, एकापाठोपाठ ऐका. नाव एक, माणसं बहुतेक तीच, आणि तरी पुन्हा तेच वाजत नाही.

अशा टेपा फार धुऊनपुसून काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे घरगुती बैठकीचं एक स्पूल होतं. त्यात ऐन तानेच्या मध्ये कपबशी वाजते. ती कपबशी काढली तर ती बैठक आमच्या घरातली राहत नाही.

ऐकायचं कसं? एकच वाद्य धरा आणि त्याच्या मागे चालत राहा. बाकीची आपोआप भेटतात.

आता जे लावते आहे ते त्याच ‘टोटल म्युझिक मीटिंग’मधलं, नोव्हेंबर 1976 चं. स्वित्झर्लंडची पियानोवादक इरेन श्वाइत्सर, एकटी. हिने 1967 मध्ये जर्मनीतल्या फिलिंगेनला एक तबकडी केली होती. तिच्यात सतार देवान मोतीहारांची, आणि तबल्यावर होते मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे. त्यानंतर नऊ वर्षांनी बर्लिनच्या त्या रात्री तिच्यासोबत कुणीही नाही. डावा हात धरा, श्रोतेहो. तिचा डावा हात धरून चला.