सांगता न आलेली गोष्ट

बालपणीच्या जखमांचा विषय निघाला की आपण बहुधा एखादा प्रसंग शोधू लागतो. कोणी मारले, कोण सोडून गेले, त्या रात्री नेमके काय घडले. प्रसंग महत्त्वाचे असतातच. परंतु आज मला बोलायचे आहे ते प्रसंग सरून गेल्यावरही अंगवळणी पडून राहिलेल्या आणि पुढे ‘स्वभाव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवयींविषयी.

सात-आठ वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी दाराच्या कुलपात किल्ली फिरते आणि त्याच्या हातातली पेन्सिल थांबते. किल्ली सहज फिरली तर लिहिणे पुन्हा सुरू होते. ती दोनदा अडखळली आणि पाठोपाठ बूट भिंतीवर आदळले, तर वह्या आवरायच्या, धाकट्या बहिणीच्या तोंडावर हात ठेवून तिला गप्प करायचे आणि आई कुठे आहे याचा कानोसा घ्यायचा, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. तीस वर्षांनी तोच माणूस वरिष्ठांच्या दाराचा आवाज ऐकून हातातले काम थांबवतो, जोडीदाराने ‘ठीक आहे’ हे दोन शब्द जरा सावकाश उच्चारले तरी आपले काय चुकले याची उजळणी करू लागतो, आणि कोणी रागावण्याआधीच क्षमा मागून मोकळा होतो. लोक त्याला समजूतदार म्हणतात. हे कौतुक ऐकले की मला वाईट वाटते, कारण त्या समजूतदारपणाच्या तळाशी अजूनही तीच भीती असते.

त्याला स्वतःला हे दुवे दिसत नाहीत, यात नवल नाही. वयाच्या तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. प्रसंग साठवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सावकाश परिपक्व होतो, आणि भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला मात्र त्याच्या आधीच कामाला लागलेला असतो. त्यामुळे प्रसंग निसटतो आणि दचकणे उरते.

या ओझ्याचा शरीरावरही परिणाम होतो. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतील नऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बालपणातील प्रतिकूल अनुभवांचे प्रकार जसे वाढतात तशी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांची शक्यताही वाढते, असे त्यांना आढळले. शक्यता, असेच मी म्हणतो, ललाटलेख नव्हे.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचा आधार मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांच्या कामात सापडतो. १९८५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या मुलाखतीच्या पद्धतीत प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले जाते, पण तपासले जाते ते बालपण कसे होते हे नव्हे, तर ते कसे सांगितले जाते हे. ‘माझी आई फार प्रेमळ होती’ असे ठामपणे म्हणणाऱ्याला त्या प्रेमाचा एकही प्रसंग आठवत नाही. दुसरा कोणी चाळीस वर्षांपूर्वीचे भांडण कालच झाल्यासारखे बोलत राहतो. आणि तिसरा मात्र पुष्कळ सोसूनही आपली गोष्ट सुसंगतपणे, दुखऱ्या जागा न लपवता सांगू शकतो. मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हीच मुलाखत गर्भवती स्त्रियांची घेतल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्या उत्तरांवरून, तेव्हा जन्मालाही न आलेले बाळ वर्षाचे झाल्यावर आईशी निर्धास्तपणे जोडलेले असेल की नाही, याचा अंदाज चारपैकी सुमारे तीन जोड्यांबाबत बरोबर ठरला. म्हणजे पुढच्या पिढीकडे काय जाते, हे केवळ आपल्याला काय सोसावे लागले यावर ठरत नाही.

गोष्ट सांगणे म्हणजे दोषी शोधणे नव्हे; किल्ली फिरवणारे ते वडीलही कदाचित कधीकाळी कोणाच्या तरी पावलांची चाहूल घेत वाढले असतील. जखम खोल असेल तर ती प्रशिक्षित समुपदेशकासमोरच उघडावी, कारण ऐकणारा गडबडला की सांगणारा पुन्हा मिटून जातो. पण काही गाठी घरातल्या घरातही सुटू शकतात. मघाच्या त्या मुलाची धाकटी बहीण आता मोठी झाली आहे, असे समजा. तिला ना किल्ली आठवते, ना बूट. दादाला आपला आवाज सहन होत नसे, एवढेच तिने इतकी वर्षे मनात धरले आहे, आणि म्हणून ती आजही चार माणसांत बोलायला कचरते. त्या संध्याकाळी तोंडावर हात का ठेवला होता, हे तिला सांगू शकेल असा तो एकटाच माणूस आहे.