पंखांच्या आधी झाड बघा

(निसर्गभ्रमंतीच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्या सकाळी आपण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, जाणार आहोत. फुलपाखराचा फोटो दाखवून "हे कुठलं?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "ते बसलं होतं कशावर?" बरेच जण गोंधळतात, कारण त्यांनी पंख पाहिलेले असतात, झाड पाहिलेलं नसतं. माझं सांगणं एवढंच, की ओळख पंखांवरून सुरू करू नका. आधी जागा पाहा, झाड पाहा, बसण्याची ढब पाहा. रंगाचा विचार त्यानंतर. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या 330हून अधिक जाती आहेत. नुसत्या रंगांच्या आठवणीवर त्यातली एक शोधायची तर दिवस पुरणार नाही. झाड कळलं तर तेच काम पाच-दहा नावांवर येतं.

हे शिकायला कुळागरासारखी जागा नाही. माड, पोफळ, आंबा, काजू, लिंबू, कढीपत्ता, सगळं हाताच्या अंतरावर, आणि मधून वाहणारा पाट. मादी अंडी घालते ती सुरवंटाला चालणाऱ्या झाडावरच, त्यामुळे प्रत्येक झाडाभोवती फिरणारी फुलपाखरं ठरलेली असतात. माड-पोफळीच्या झावळ्यांभोवती तपकिरी पामफ्लाय सापडेल. त्याची मादी टायगर फुलपाखरांसारखी नारिंगी दिसते आणि नवख्या माणसाला हमखास चकवते. आंब्याखाली आणि काजूखाली कॉमन बॅरन. त्याचा सुरवंट आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अशा बेताने पसरतो, की त्याच्या पाठीवरची फिकट रेघ थेट शिरेवर येते आणि दोन्ही बाजूंचे पिसांसारखे काटे पानात मिसळून जातात. आंब्याची पानं आपण रोज बघतो, तोरणाला बांधतो, आणि हा त्यांवर असूनही दिसत नाही. उद्या शोधायचा तर पान खालून उजेडाकडे धरा, पण तोडू नका.

आता कढीपत्ता आणि लिंबू. यांच्याभोवती काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं कॉमन मॉर्मन दिसलं तर तो बहुधा नर. मादीची मात्र तीन रूपं आहेत. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझसारखं, तिसरं क्रिमझन रोझसारखं. रोझ ही विषारी फुलपाखरं. त्यांचे सुरवंट सापसंदाच्या वेलावर वाढतात आणि त्या वेलातलं विष अंगात साठवतात. पक्ष्यांना चव कळली की ते पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी तो पेहराव उसना घेऊन जगते. मग ओळखायचं कसं? पंखांवर डोळे लावून बसलात तर फसाल. शरीर बघा. रोझचं अंग तांबडंलाल असतं, मॉर्मनचं काळं. नक्कल पंखांपुरतीच उतरली आहे, अंगापर्यंत पोचलेली नाही. हा भेद मला अजूनही थक्क करतो. उडणंही बघा. रोझ सावकाश, घाई नसल्यासारखं जातं. मॉर्मन दचकलं की सुसाट निघतं.

हीच गोष्ट सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, किंवा गावाबाहेर रुईच्या झुडपाशी पुन्हा भेटते. रुईवर प्लेन टायगर वाढतं, तेही विषारी. त्याच्यासारखी दिसणारी डॅनाइड एगफ्लायची मादी घोळीच्या भाजीवर अंडी घालते. मागच्या पंखावर काळे ठिपके मोजा. मधोमध तीन-चार असतील तर टायगर, वरच्या कडेशी एकच असेल तर एगफ्लाय. सापसंदाचा वेल आपल्याकडे सदर्न बर्डविंगलाही लागतो. हे भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक, काळं-पिवळं, रानाच्या शेंड्यांवरून पक्ष्यासारखं तरंगणारं. कुळागर साफ करताना हा वेल तण समजून उपटला जातो. माझी हात जोडून विनंती आहे, तो एक वेल ठेवा.

पतंगांबद्दल एक गैरसमज आहे, की दिवसा उडतं ते फुलपाखरू आणि रात्री उडतं तो पतंग. तसं नाही. डिस्फेनिया नावाचा निळा-काळा पतंग भर दिवसा फुलपाखरासारखा उडतो. अंगणातल्या अनंताच्या झाडाशी पारदर्शक पंखांचा, भुंग्यासारखा गुणगुणणारा जीव दिसला तर तोही पतंगच, कॉफी बी हॉकमॉथ. त्याचे सुरवंट अनंतावर वाढतात. उलट माडावर वाढणारं जायंट रेडआय हे फुलपाखरू तिन्हीसांजेला बाहेर पडतं, आणि त्याचे डोळे लालभडक असतात. म्हणून मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ किंवा आकडा असतो, पतंगाच्या मिशा धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बसताना फुलपाखरू बहुधा पंख वर मिटतं, पण फ्लॅट नावाच्या गटातल्या काही जाती पानाखाली पंख पसरूनच बसतात, तेव्हा या खुणेवर एकटीवर विसंबू नका.

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, आणि पुष्कळ पतंग जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. कुळापर्यंत, म्हणजे जातीहून मोठ्या गटापर्यंत, पोचलात तर तिथे थांबण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा अर्धं पण खात्रीचं नाव लिहिणं केव्हाही बरं. ॲटलास पतंग मात्र चुकणार नाही. पंख पसरले की वीतभर रुंद, टोकाला सापाच्या डोक्यासारखी नक्षी. त्याला खायला तोंडच नसतं, सुरवंट असताना साठवलेल्यावर आठवडा-दीड आठवडा जगतो. तो घरात शिरला तर हाकलू नका, दिवा मालवा.

टाचण्यांसाठी, म्हणजे चतुरांच्या नाजूक भाईबंदांसाठी, पाण्याकडे या. टाचणी आणि चतुर यांतला फरक सोपा: टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब, अंग सुईसारखं, आणि बसताना ती बहुधा पंख पाठीवर मिटते. त्यापुढे कुठली जात, याची खरी खूण म्हणजे पाण्याचा प्रकार. शेतातल्या साचलेल्या पाण्यात पिग्मी डार्टलेट मिळेल, इवलीशी, नराच्या शेपटीचं टोक नारिंगी. तिची तरुण मादी लाल असते, म्हणून ती दुसरीच जात समजली जाते. पिवळी शेपटी असलेली कोरोमंडल मार्श डार्टही तिथेच. वाहत्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, चित्र पालटतं. खडकावर स्ट्रीम रूबी, आखूड पोटाची रिव्हर हेलिओडोर, आणि स्ट्रीम ग्लोरीचा नर, जो मागचे पंख उघडतो तेव्हा हिरवा धातू चमकल्यासारखा वाटतो. या जाती साचलेल्या पाण्यावर सहसा दिसत नाहीत, कारण त्यांची पिल्लं वाहत्या पाण्यात वाढतात. व्हाळाचं पाणी अडलं किंवा गढुळलं की त्या पहिल्यांदा जातात. गोव्याच्या रानात शोधण्यासारखं किती उरलं आहे याचा पुरावाही याच गटातला आहे: इडिओनिक्स गोमंतकेन्सिस हा चतुर 2013 साली विज्ञानासाठी नवा म्हणून नोंदला गेला.

फोटो काढताना टाचणीचा बाजूने घ्या, छातीवरचे पट्टे आणि शेपटीचं टोक दोन्ही दिसायला हवीत. नराच्या टोकाला पकडीसारखे अवयव असतात आणि पुष्कळ जाती तिथेच वेगळ्या होतात. पतंगाचा फोटो वरून, फुलपाखराचा मिटलेल्या पंखांचाही. आणि एक जादा फोटो झाडाचा, पानासकट. त्यासोबत जागा आणि तारीख लिहा. तेवढं नसेल तर नंतर कोणालाच काही सांगता येत नाही.

उद्या सहा वाजता यायचं ते फक्त पतंग पाहणाऱ्यांनी, देवळाच्या दिव्याखालच्या भिंतीशी, पक्षी येऊन त्यांना टिपायच्या आत. बाकीच्यांनी आठला या. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं हलत नाहीत. जाळी, डब्या कोणी आणू नका. गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरावं लागेल, तशा चपला घाला.