बँकेत न आलेला डिव्हिडंड

[टेबलावर स्टेटमेंटच्या प्रिंट, हातात पिवळा हायलायटर]

हे म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, सगळे याला कॅस म्हणतात. कॅम्स किंवा केफिनटेक, म्हणजे फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, त्यांच्या साइटवर मागवलं की मेलवर येतं, सगळ्या फंडांचं एकत्र. पिवळ्याने आखलेली ही ओळ बघा. आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल) रिइन्व्हेस्टेड, युनिटमागे, म्हणजे फंडातल्या आपल्या एका हिश्शामागे, २ रुपये. फंडाने वाटलेले पैसे हातात न देता त्याचेच आणखी युनिट घेतले जातात, पूर्वी यालाच डिव्हिडंड रिइन्व्हेस्टमेंट म्हणायचे, बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने १ एप्रिल २०२१ पासून नाव बदललं, कारण हा वरचा फायदा मिळतोय असं लोकांना वाटायचं आणि खरं तर आपल्याच गुंतवणुकीतून पैसे बाहेर काढले जातात, त्या दिवशी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तेवढी खाली येते.

[वहीचं पान, निळ्या शाईतले आकडे]

आणि ही वही साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांची. अक्षर बघा, प्रत्येक युनिट तीन दशांशांपर्यंत लिहिलंय. शेजारी मुलगी लॅपटॉप उघडून बसलीये, वहीतलं सगळं सॉफ्टवेअरमध्ये चढवायचंय. ती विचारते, "बाबा, डिव्हिडंडचे हे दोन हजार कुठे लिहिलेत?" आणि बाबा म्हणतात, "अगं, ते बँकेत आलेच नाहीत, मग लिहू काय?"

आपल्याकडे बहुतेक घरांत हेच उत्तर मिळेल. पासबुकात एंट्री नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही, असं आपण धरून चालतो. पण इथे एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्यात, उत्पन्न आलं आणि त्या पैशाची खरेदी झाली. पैसा मधे बँकेत थांबला नाही एवढंच. ज्यांनी कीर्द-खतावणी लिहिलीये त्यांना हे सांगावं लागत नाही, जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय त्यांचं पान मिटत नाही.

[लॅपटॉपची स्क्रीन, ग्नूकॅश]

स्क्रीनवर आहे ते ग्नूकॅश, हिशोबाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पहिली आवृत्ती १९९८ मधली, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. आम्ही मुद्दाम हेच निवडलं, कारण ते दोन्ही बाजू लिहायला लावतं आणि घरच्या हिशोबाला ही शिस्त लागावी असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं. मोबाइलवरचं ॲप आजची किंमत छान दाखवतं, पण ती कशी झाली हे आपल्या हाताने लिहिलेलं असलं तर दहा वर्षांनी विचारणाऱ्याला उत्तर देता येतं.

आधी खाती उघडायची. फंडाचं खातं म्युच्युअल फंड या प्रकारात, आणि तिथेच एक सेटिंग असतं की युनिटचा किती बारीक भाग मोजायचा, ते एक हजारांश तरी हवं, नाहीतर तिसरा दशांश बसत नाही आणि पुढे कधीच टॅली होत नाही. मग उत्पन्नात डिव्हिडंडचं खातं, खर्चात स्टॅम्प ड्युटीचं.

[कर्सर रजिस्टरवर, क्लोजअप]

आता आकडे. युनिट होते १,०००, एनएव्ही २५, म्हणजे २५,००० रुपये. डिव्हिडंड युनिटमागे २ रुपये, एकूण २,०००. एनएव्ही उतरून २३ झाली (त्या दिवशी बाजार हलला नाही असं धरू). त्या २,००० मधून स्टॅम्प ड्युटी ०.००५ टक्के, जी १ जुलै २०२० पासून रिइन्व्हेस्टमेंटलाही लागते, म्हणजे दहा पैसे. उरले १,९९९.९० आणि त्याचे युनिट मिळाले ८६.९५२.

एंट्री एकच, ओळी तीन. डिव्हिडंड उत्पन्न २,०००. स्टॅम्प ड्युटी ०.१०. फंडाच्या ओळीत युनिट ८६.९५२ आणि खरेदी १,९९९.९०. किमतीचा रकाना रिकामाच सोडायचा. युनिट, किंमत, रक्कम यातले कुठलेही दोन दिले की तिसरं सॉफ्टवेअर काढतं, आणि आपण युनिट आणि रक्कम द्यायची कारण स्टेटमेंटमध्ये पक्क्या त्या दोनच आहेत, एनएव्ही टाकून गुणाकार केलात तर १,९९९.८९६ येतात, नेमके १,९९९.९० नाहीत. किमतीत कधीकधी २३ अधिक एक भागिले २१,७३८ असा विचित्र अपूर्णांक दिसतो, मुलगी इथे थांबून स्क्रीनकडे बघतेय बघा, पण ते बरोबर आहे. प्रेफरन्समध्ये जाऊन दशांशात दाखव म्हटलं की झालं.

बाबांनी कॅल्क्युलेटर घेतलाय. १,०८६.९५२ गुणिले २३. चोवीस हजार नऊशे नव्याण्णव रुपये नव्वद पैसे. युनिट वाढले, एकूण किंमत तीच राहिली, दहा पैसे सरकारला गेले.

कुणी मधे एक तात्पुरतं खातं ठेवतात, डिव्हिडंड आधी तिथे जमा आणि तिथून फंडात. तेही चालतं, फक्त ते खातं शेवटी शून्यावर आलं पाहिजे.

[दुसरं पान, टीडीएसची ओळ]

हे पान जरा नीट बघा, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इथे डिव्हिडंड १२,००० आहे आणि खाली टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, १,२००. आर्थिक वर्षात एका फंड हाऊसकडून १०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापतात, ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ५,००० होती. युनिट घेतले गेले १०,७९९.४६ चे, मधले ५४ पैसे स्टॅम्प ड्युटी. बरेच जण उत्पन्न म्हणून हेच १०,७९९.४६ लिहितात कारण युनिट तेवढ्याचेच आले. उत्पन्न १२,००० लिहायचं. टीडीएसचे १,२०० खर्चात टाकू नका, ते आपलं येणं आहे, रिटर्न भरताना वळतं होतं, म्हणून मालमत्तेत टीडीएस येणे असं खातं उघडायचं. मग आयकर खात्याकडच्या २६एएस आणि एआयएस या आपल्या नावच्या नोंदींशी ताळा घेता येतो.

[जुन्या स्टेटमेंटचा गठ्ठा, पानं उलटताना]

जुनी पानंही सोडायची नाहीत. ३१ मार्च २०२० पर्यंतचा डिव्हिडंड हातात करमुक्त होता, तो वेगळ्या उत्पन्न खात्यात टाका, पण त्यातून घेतलेल्या युनिटची खरेदी किंमत लिहायचीच, उत्पन्नावर कर नव्हता म्हणून ते युनिट फुकटात आले असं होत नाही. आणि प्रत्येक रिइन्व्हेस्टमेंट ही त्या तारखेची वेगळी खरेदी, सगळे डिव्हिडंड वर्षाअखेरीला एका ओळीत कोंबले की तारखा गेल्या. ग्रोथ ऑप्शन, म्हणजे डिव्हिडंड न वाटता पैसा फंडातच वाढणारा पर्याय, असतं तर ही भानगडच नव्हती हे खरं, पण जुन्या फोलिओंमध्ये, म्हणजे फंडाकडच्या जुन्या खात्यांमध्ये, हे आहेच, आणि ते बहुतेक आईवडिलांच्या नावावर असतात.

हे लिहिलं नाही तर विकताना आपल्या हिशोबात त्या युनिटची खरेदी शून्य धरली जाते, नफा फुगतो, डिव्हिडंडवर एकदा भरलेला कर त्याच पैशावर पुन्हा भरला जातो, आणि सगळे युनिट एकदम काढले तर इक्विटी (शेअरच्या) फंडात शेवटच्या वर्षभरात घेतलेल्या युनिटच्या या फुगलेल्या नफ्यावर साडेबाराऐवजी वीस टक्के कर लागतो.

[बापलेक स्क्रीनसमोर, बाबा आकडे मोठ्याने वाचतायत]

आता एकेक फोलिओ घ्यायचा, स्टेटमेंटमधली युनिटची शिल्लक आणि स्क्रीनवरची शिल्लक तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवायची. नाही जुळली तर रक्कम बदलून जबरदस्तीने जुळवू नका, मागे जाऊन सुटलेली ओळ शोधा. बाबा वाचतात, ती टिक करते. सापडली, २०१६ च्या पानावर.