नाणं परत का येतं?

मंडळी, जुन्या पिनबॉलची, म्हणजे नाणं टाकून काचेखाली चेंडू उडवायच्या यंत्राची दुरुस्ती म्हटलं की सगळे चेंडू मारणाऱ्या फ्लिपरकडे आणि स्कोअरच्या रिळांकडे धावतात. मला आज दाराबद्दल बोलायचंय. खेळणाऱ्याच्या गुडघ्यासमोर जे पत्र्याचं दार असतं ना, क्वार्टर (अमेरिकेचं 25 सेंटचं नाणं) टाकायचं, तेच. शिकागोत बनलेली, सर्किट बोर्ड येण्याआधीची, म्हणजे 1960-70च्या दशकातली रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) आणि पत्त्यांवर (धातूच्या लवचिक पट्ट्यांच्या स्विचांवर) चालणारी यंत्रं डोळ्यांसमोर आणा.

माणूस येऊन सांगतो, "नाणं घेत नाही." मी विचारतो, नक्की काय होतं? नाणं खालून परत येतं, की पोटात जातं आणि खेळ मिळत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत.

परत येत असेल तर आधी नाणं पारखणारा खोका काढा. त्यात वीज नसतेच. एक पाळणा नाण्याचं माप घेतो, पुढे लोहचुंबक बसलेला. लोखंडी वायसर त्याला चिकटतो; खरं क्वार्टर त्याच्यासमोर जरासं मंदावतं आणि ठरल्या जागी उसळी मारून आत जातं. मळ बसला की ही उसळी चुकते. कोमट पाणी, साबण, ब्रश, मग कोरडं करा. तेल घालू नका, हात जोडून सांगतो. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट.

खोका स्वच्छ आहे, तरी परत येतं? मग लॉकआउट कॉइल, म्हणजे नाण्याची वाट उघडणारं तारेच्या वेटोळ्याचं विद्युतचुंबक. यंत्र चालू असताना ही कॉइल एक तार ओढून धरते. सुटली की तार वाटेत आडवी येते आणि नाणं परतीला लागतं. बंद यंत्रात कुणाचे पैसे अडकू नयेत म्हणून केलेली सोय आहे ती. आणि गंमत बघा, क्रेडिट, म्हणजे शिल्लक खेळ, पूर्ण भरले की स्कोअर दाखवणाऱ्या वरच्या पेटीतली क्रेडिट युनिटची (ते खेळ मोजणाऱ्या भागाची) एक पत्ती उघडते आणि हीच कॉइल सोडते. ती पत्ती वाकलेली असेल, तर एकही क्रेडिट नसताना यंत्र नाणं नाकारतं. बिघाड डोक्यात आणि आपण गुडघ्यापाशी बसलेले!

म्हणून आधी कान लावा. चालू करताना दारातून टक आवाज येऊन बारीक गुणगुण सुरू झाली, तर कॉइल ओढतेय. नसेल, तर मीटर एसीवर ठेवून कॉइलच्या दोन टोकांना लावा. किती व्होल्ट हवेत ते त्या यंत्राच्या वायरिंगच्या नकाशावर असतं. तेवढे मिळाले तर दोष कॉइलचा. शून्य आलं तर वायर धरून मागे मागे जायचं. मात्र यंत्राच्या पेटीत अमेरिकेतल्या घरच्या लाइनचा 120 व्होल्टही असतो. हात घालायच्या आधी प्लग काढा.

नाणं गिळलं जातं तेव्हा बघायची ती नाण्याची पत्ती. पडणारं नाणं एका बारीक तारेला दाबतं, पत्त्या टेकतात, कॉइन रिले ओढतो. तार वाकली तर नाणं नुसतं घसरून जातं. चांदीच्या टोकांवर कानस चालवणारे लोक मला सहन होत नाहीत. एक व्हिजिटिंग कार्ड टोकांमध्ये धरून दोनदा ओढा, काळा डाग कार्डावर येतो.

आपल्या स्टेशनांवरच्या वजनाच्या यंत्राला थाप मारायची सवय असेल, तर ती इथे विसरा. दाराच्या मागे वजन लावलेली एक पत्ती असते, दाराला लाथ बसली की खेळ संपवणारी. तिची जागा सरकली, तर लाथ न मारताही यंत्र मेल्यासारखं पडून राहतं.

मला स्वतःला सर्वांत जास्त छळलं ते एका बिजागरीने. दार उघडं ठेवून तपासलं की सगळं ठीक. दार लावलं की नाणं परत. दोन संध्याकाळी मी पत्त्या साफ करत बसलो, सगळ्या निर्दोष! शेवटी वायरींचा जुडगा बोटांत धरून दार हळूहळू हलवलं. बिजागरीपाशी एक वायर बोटात मऊ लागली, दोऱ्यासारखी. वरचं कापडी वेष्टन धडधाकट, आत तांबं तुटलेलं. वर्षानुवर्षं दार उघडून-मिटून ते मोडलं होतं. दार उघडं असताना टोकं टेकत, मिटताना सुटत. वायर कापली, जरा लांब तुकडा घालून सोल्डरचा डाग दिला आणि दार लावून एक क्वार्टर टाकलं.

वरच्या पेटीतून खट् आवाज आला.