भांगाचा शनिवार

श्रोतेहो, नमस्कार.

माझे बालपण रेवदंड्याला गेले. आमच्या घरामागे कोळीवाडा होता, आणि एकाच पंचांगाचा उपयोग दोन आळ्यांत दोन तऱ्हांनी होत असे. आमच्याकडे अष्टमी आली की उपास कोणाचा ते पाहिले जाई. मागच्या आळीत अष्टमी आली की भांग लागली, पाण्याचा जोर उतरला, असे म्हणत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे गणित मी शाळेत भूगोलात शिकलो त्याच्या कितीतरी आधी कानावर पडले होते. त्याचा उपयोग मात्र मला झाला तो समुद्रापार, वेल्सच्या किनाऱ्यावर. मी आता कार्डिफला राहतो. मार्च महिन्यातल्या एका शनिवारी तिथल्या भाड्याच्या बोटीतून गळाने मासे धरायला गेलो होतो, त्याविषयी आज बोलायचे आहे.

या बोटींना तिथे चार्टर बोट म्हणतात. सात-आठ जण मिळून दिवसभरासाठी बोट ठरवतात, आणि बोटीबरोबर ती चालवणारा तांडेलही येतो. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे अशा लहान बोटीवर बारापेक्षा जास्त उतारू घेता येत नाहीत, बोटीची ठरावीक तपासणी झालेली असावी लागते, आणि तांडेलाकडे व्यवसायासाठीचा परवाना असावा लागतो. हौशी माणसाला मात्र समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही. नदीत किंवा तळ्यात ट्राउट धरायचा असेल तर तो लागतो. पकडलेला मासा विकता मात्र येत नाही, घरी नेऊन खावा किंवा परत सोडावा. माझ्या आईला मी फोनवर हे सांगितले तेव्हा तिने विचारले की पैसे भरायचे, थंडीत कुडकुडायचे आणि मासा परत टाकायचा, यात त्या तांडेलाखेरीज कोणाचा फायदा आहे? प्रश्न रास्त होता.

वेल्समध्ये १ मार्च हा संत डेव्हिडचा दिवस असतो. मुले कोटाला डॅफोडिलचे फूल लावून शाळेत जातात आणि वसंत आला असे सगळे म्हणतात. समुद्राला मात्र त्याची खबर नसते. पाणी जमिनीपेक्षा हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे डिसेंबरपेक्षाही फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हाच समुद्राचा सर्वांत गार काळ असतो. पाण्याचे तापमान सात-आठ अंशांवर येते. हिवाळ्यातले मासे निघून गेलेले आणि उन्हाळ्यातले अजून न आलेले, असा हा मधला काळ आहे. पूर्वी कार्डिफसमोरच्या ब्रिस्टलच्या खाडीत हिवाळाभर कॉड मिळत असे आणि त्याच्यासाठी लांबून लोक येत. आता तो इतका विरळ झाला आहे की बोटीवरची वयस्क मंडळी त्याचे नाव दूरच्या नातेवाइकासारखे काढतात. बास नावाचा चंदेरी मासा, ज्याला पाहून मला जिताड्याची आठवण होते, तो या दिवसांत अंडी घालायला खोल पाण्यात गेलेला असतो. अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत हौशी माणसाने तो ठेवायचाच नाही, गळाला लागला तर सोडून द्यायचा, असा नियम आहे. एरवीही ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान बास ठेवता येत नाही. मग मार्चमध्ये उरते काय? मुख्यतः पाकट, मुशी, थोडे व्हायटिंग, आणि दैव बरे असेल तर एखादी वाम.

त्यात आणखी एक अडचण याच महिन्यात येते. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो आणि त्या आगेमागे येणारी अमावास्या-पौर्णिमेची उधाणे वर्षातली सर्वांत मोठी असतात. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी सुमारे पाच मीटर चढते. खंबायतच्या आखातात भावनगरकडे ते दहा मीटरांच्या पुढे जाते. ब्रिस्टलची खाडी नरसाळ्यासारखी आत आत अरुंद होत जाते, शिवाय तिची लांबी अशी आहे की अटलांटिकच्या भरतीच्या हेलकाव्याला ती साथ देते. त्यामुळे तिच्या वरच्या टोकाला मोठ्या उधाणात पाणी १४ मीटरांपर्यंत चढते-उतरते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांत तिची गणना होते. कार्डिफपाशी उधाणाचा फरक १२ मीटरांच्या घरात जातो.

बारा मीटर म्हणजे नेमके काय, हे तांडेलांच्या एका साध्या हिशेबाने कळते. भरतीच्या सुमारे सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. बारा मीटरांच्या उधाणात मधल्या दोन तासांत पाणी प्रत्येकी तीन मीटर चढते, म्हणजे दोन तासांत दोन मजले. एवढे पाणी जेव्हा आडवे वाहते तेव्हा पाव किलोचे शिसेसुद्धा तळावर टिकत नाही. दोरी कमानीसारखी वाकून वर येते आणि आमिष मधल्या पाण्यात फडफडत राहते. भांगाला हाच फरक सहा मीटरांच्या आसपास असतो, आणि गळवाल्याला तळाशी बसून राहता येते.

आमच्या कोळीवाड्यात मात्र याच्या अगदी उलट होते. डोल हे पिशवीसारखे जाळे रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि पाण्याचा ओढच त्यात मासळी आणून भरतो, म्हणून डोलीवाल्याला उधाण हवे असते आणि भांगाला तो जाळी दुरुस्त करत बसतो. तेच पाणी, तोच चंद्र, पण एकाचा कामाचा दिवस तो दुसऱ्याचा सुट्टीचा. वेल्सचा तांडेल वर्षाच्या सुरुवातीलाच भरतीच्या कोष्टकात भांगाचे शनिवार-रविवार पेन्सिलीने गोल करून ठेवतो, आणि महिन्याला असे दोनच आठवडे हाती लागतात. त्यांतला एखादा वाऱ्याने खाल्ला की त्याच्या कमाईला खिंडार पडते.

त्या शनिवारी सकाळी सातला ओहोटी पूर्ण होणार होती आणि दुपारी एकच्या सुमारास भरती. कार्डिफच्या उपसागराच्या तोंडाशी १९९९ साली बांधून झालेला बंधारा आहे. त्याच्या आत गोड्या पाण्याचा तलाव, बाहेर खारे पाणी, आणि ये-जा करायला जलपाश, म्हणजे दोन दारांमधला कप्पा, ज्यात पाणी चढवून-उतरवून बोट एका पातळीवरून दुसरीवर नेतात. आठ वाजता आमची बोट त्यात शिरली, मागचे दार लागले, आणि पाणी उतरू लागले तसतशा शेवाळलेल्या, गळणाऱ्या भिंती आमच्या डोक्यावर उंच होत गेल्या. आम्ही दोन मजले तरी खाली उतरलो असू. पुढचे दार उघडले आणि समोर वसईच्या खाडीची आठवण यावी असे मातकट, गढूळ पाणी दिसले. सेव्हर्न नदीचा गाळ इथे कधी खाली बसतच नाही. अशा पाण्यात माशाला डोळ्यांचा उपयोग फारसा नसतो, वासाचा असतो; म्हणून आमिषही वासाचे लागते, मुख्यतः माकूळ आणि तेलकट बांगडा. तो बांगडा अटलांटिकचा, आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, पण वास हाताला तितकाच चिकटतो.

बोटीवर कोणी कोणाला साहेब म्हणत नाही. तांडेल साठीचा होता. त्याने सगळ्यांना तरंगणारे जाकीट घालायला लावले, आणि मग माझ्या दृष्टीने दिवसातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य उच्चारले. पश्चिमेचा वारा दुपारनंतर वाढणार आहे, म्हणून भरती संपली की तासाभरात आपण निघायचे, मासे लागत असोत वा नसोत. हवामानाचे हे वृत्त ब्रिटनमध्ये आजही रेडिओवर वाचले जाते. समुद्राच्या विभागांची नावे एकामागून एक येतात आणि आमच्या पाण्याचा समावेश लंडी या विभागात होतो. रेडिओवर बोलतो आहे म्हणून आणखी एक सांगतो. आम्ही ज्या फ्लॅट होम बेटाच्या रोखाने चाललो होतो, तिथूनच १३ मे १८९७ रोजी मार्कोनीने समोरच्या लॅव्हरनॉक पॉइंटवर बिनतारी संदेश पाठवला होता. खुल्या समुद्रावरून गेलेला तो पहिला बिनतारी संदेश मानला जातो, आणि ते अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचे आहे.

बेटाच्या अलीकडे पंधरा-वीस मीटर पाण्यात नांगर पडला. भरतीचा ओढ पूर्वेकडे, म्हणून बोटीचे नाक पश्चिमेकडे वळले. इथली गळ टाकण्याची रीत प्रथम उफराटी वाटते. उथळ पाण्यात बोटीच्या तळावर लाटा आपटतात, डबे-बूट वाजतात आणि मासे बोटीपासून दूर राहतात, म्हणून गळ प्रवाहाच्या उलट दिशेला, बोटीपासून लांब फेकायचा. शिशाला तारेच्या चार नख्या असतात, त्या तळातल्या चिखलात रुततात. दोरी मुद्दाम सैल सोडायची, म्हणजे प्रवाह तिला कमान देतो आणि त्या ओढीने नख्या आणखी रुततात. मासा आमिष घेऊन हलला की नख्या सुटतात, आणि वाकलेली काठी एकदम सरळ होऊन दोरी ढिली पडते. रेवदंड्याच्या धक्क्यावर दोरीला हिसका बसला की मासा लागला एवढेच मला माहीत होते. इथे दोरी मेली की मासा लागलेला असतो, आणि तेव्हा दया न करता भराभर रीळ गुंडाळायचे.

पहिले तीन तास मुशीच्या मुशी आल्या. हातभर लांब, ठिपकेदार, अंग पॉलिश पेपरसारखे खरखरीत. त्या हाताला विळखा घालतात आणि मनगट सोलून काढतात, म्हणून डोके आणि शेपटी एकत्र धरायची असते. मला हे तिसऱ्या मुशीनंतर सांगण्यात आले. मी डबीतली आलेपाकाची वडी सगळ्यांना दिली. बोट लागू नये म्हणून आले चांगले, हे तांडेलालाही ठाऊक होते, पण दुसरी वडी त्याने केवळ चवीसाठी मागितली.

बाराच्या सुमारास ओढ मंदावला आणि माझी काठी सरळ झाली. रीळ गुंडाळताना प्रथम वाटले की तळातली पाटीच वर येते आहे. पाकट प्रवाहात पंख पसरून पतंगासारखे आडवे धरते, आणि दहा मीटर वर आणले की पुन्हा पाच मीटर खाली जाते. जाळीत आले तेव्हा ते तपकिरी, पिवळ्या डागांचे, पाठीवर आणि शेपटीवर गुलाबाच्या काट्यांसारखे वाकडे काटे असलेले होते. आपल्याकडच्या अनेक पाकटांच्या शेपटीला विषारी नांगी असते. या काटेरी पाकटाला ती नसते, पण काटे पुरेसे आहेत. तोंड पोटाकडे, आणि त्यात कालवे-कुर्ल्या चिरडणारे चपटे दात. ती मादी होती. वसंतात माद्या आधी उथळ पाण्याकडे सरकतात आणि पुढे उन्हाळाभर अंडी घालतात. प्रत्येक अंडे चार शिंगांच्या काळ्या चामडी पिशवीत असते आणि पिल्लू बाहेर यायला साधारण पाच महिने लागतात. रिकाम्या पिशव्या किनाऱ्यावर वाहून येतात, तिथली मुले त्यांना जलपरीची थैली म्हणतात. तांडेलाने गळ काढला, पाकट वजन न करताच दोन्ही हातांनी पाण्यावर धरले आणि अलगद सोडले. ठेवायचे का, असे त्याने मला विचारले होते. पाकटाचे कालवण डोळ्यांसमोर येऊनही मी नको म्हणालो, हे आईला अजून सांगितलेले नाही.

एक वाजून गेला आणि पाणी थबकले. पुढच्या अर्ध्या तासात आणखी तीन पाकटे आणि एक जाडजूड वाम आली. सगळ्यांना वाटू लागले की आता कुठे रंग भरतो आहे. तेवढ्यात बोट हळूहळू फिरली आणि ओहोटी पश्चिमेकडे वाहू लागली. वारा पश्चिमेचाच होता. वारा आणि पाणी एकाच दिशेला असताना समुद्र बराचसा सपाट दिसतो. पाणी वाऱ्याच्या अंगावर जाऊ लागले की तोच वारा तेवढ्याच जोराचा असूनही लाटा आखूड आणि उभ्या होतात. दहा मिनिटांत चहाचा पेला ठेवता येईना. सोबतच्या एकाने आणखी अर्धा तास थांबण्याची गळ घातली. तांडेलाने उत्तर दिले नाही, इंजिन सुरू केले. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले असे वाटते, कारण आम्ही भाडे देतो ते त्या न दिलेल्या उत्तरासाठीच.

नांगर काढण्याची त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. नांगराच्या दोरावर एक कडी आणि कडीला मोठा फुगीर बोया अडकवला. मग दोर हाताने न ओढता बोट प्रवाहाविरुद्ध पुढे हाकली. बोया मागे राहिला, कडी दोरावरून सरकत खाली गेली, आणि नांगर तळ सोडून आपोआप बोयाखाली येऊन लटकला.

सगळ्या वेल्सची गोष्ट अशीच आहे असे मात्र नाही. उत्तरेला अँगलसीच्या होलीहेडसमोर पाणी खोल आणि स्वच्छ आहे. तिथे काटेमुशी मिळते, जिच्या पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक विषारी काटा असतो आणि जी सुमारे दोन वर्षे गरोदर राहते. पश्चिमेच्या कार्डिगनच्या उपसागरात एप्रिलपासून पाकटे किनाऱ्याजवळ येतात आणि बोटीशेजारी डॉल्फिन दिसतात. तिथे भरती लहान, पण अटलांटिकची लाट आत येते, म्हणून तिथले तांडेल चंद्रापेक्षा वाऱ्याला जास्त घाबरतात.

एक चूक कबूल करून ठेवतो, कारण ती तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, पण भरतीची छापील कोष्टके बहुधा जुन्याच वेळेत असतात. एका वर्षी कोष्टकातल्या वेळेत मी तास मिळवला, पण घड्याळ पुढे करायला विसरलो, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट बेटाच्या रोखाने ठिपक्याएवढी झाली होती. तिने माझी वाट पाहणे शक्य नव्हते, पाणी थांबणार नव्हते.

त्या शनिवारी आम्ही साडेतीनला जलपाशात परत शिरलो. मागचे दार लागले, पाणी चढू लागले आणि शेवाळाच्या भिंती एक-एक ओळीने बुडत गेल्या. तांडेलाने खिशातले चुरगळलेले कोष्टक काढले, ओल्या बोटाने पान उलटले आणि एप्रिलच्या पहिल्या भांगावर बोट ठेवून आमच्याकडे पाहिले.